एक शब्द, दोन खिडक्या

गेल्या जानेवारीत, संक्रांत दोन दिवसांवर आलेली असताना, रात्री दीड वाजता भाचीचा फोन आला. ती अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या एका राज्य विद्यापीठात एम.एस. करते. आमच्याकडे मध्यरात्र, तिच्याकडे भर दुपार.

“मामा, जागे आहात का? मला प्रोबेशनचं पत्र आलंय. आईला सांगू नका.”

प्रोबेशन हा शब्द मला नोकरीतला ठाऊक होता. सहा महिने किंवा वर्षभर प्रोबेशन, मग माणूस कायम. मी अर्धवट झोपेत म्हणालो, “म्हणजे तू अजून कायम झाली नाहीस, एवढंच ना?” ती हसली नाही. पहिल्या सत्राची सरासरी कमी पडली होती आणि एका सत्रात ती सुधारली नाही तर काढून टाकू, असे पत्रात लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या खोलीत राहणाऱ्या मुलीलाही त्याच आठवड्यात प्रोबेशनचेच पत्र आले होते. ही मुलगी न्यू जर्सीत वाढलेली, आईवडील मूळचे नाशिकचे, जन्माने अमेरिकी नागरिक. पण ते पत्र वाचून ती आनंदाने उडी मारून उठली होती आणि घरी फोन करून “झालं एकदाचं” म्हणाली होती.

एकच खोली, एकच आठवडा, एकच शब्द. एक रडते आहे आणि दुसरी सुटकेचा श्वास टाकते आहे. दोघींपैकी कुणाचेच चुकत नव्हते, हे कळायला मला तीन आठवडे लागले. साताऱ्यात माझे टायपिंग-झेरॉक्सचे छोटे दुकान आहे. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे, दाखले टाइप करता करता नियम मुळातून वाचायची सवय लागली आणि त्यातूनच सातबारा, तगाई, मनीऑर्डर असल्या विषयांवर लिहीत गेलो. माझ्याकडे पदवी नाही. ती का नाही, ते शेवटी सांगतो, कारण त्याचा या विषयाशी संबंध आहे. दोघी मुलींच्या संमतीने, त्यांची आणि विद्यापीठाची नावे वगळून, जे सापडले ते इथे मांडतो.

शब्द कुठून आला

प्रोबेशनचे मूळ ‘पारखणे, कसाला लावणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. त्याला कायद्याचा आजचा अर्थ मिळाला तो अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात. जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या कारागिराने १८४१ मध्ये न्यायालयात उभ्या असलेल्या एका दारुड्याची हमी घेतली, त्याला तुरुंगात न पाठवता काही काळ आपल्या देखरेखीखाली सुधारायची संधी मागितली आणि न्यायालयाने ती दिली. पुढे १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने या पद्धतीचा कायदा केला. आपल्याकडे १९५८ साली अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. ‘परिवीक्षा’ हा प्रोबेशनचा आपला सरकारी मराठी शब्द.

नोकरी असो, न्यायालय असो की विद्यापीठ, या शब्दाच्या पोटात एकच गोष्ट आहे: निकाल अजून लागलेला नाही, मुदत दिली आहे. पण मुदत कुठल्या टप्प्यावर दिली, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. दोघी मुलींच्या पत्रांतला फरक नेमका इथेच होता.

पहिली खिडकी: गुणांची

भाचीचे पत्र विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाच्या कार्यालयाकडून आले होते. त्याला शैक्षणिक प्रोबेशन म्हणतात.

अमेरिकेत ए ग्रेडला ४, बी ला ३, सी ला २ असे गुणांक असतात आणि त्यांची क्रेडिटनुसार सरासरी म्हणजे जीपीए. पदवीच्या पातळीवर साधारणपणे २.० म्हणजे सी ची सरासरी चालते. पदव्युत्तर पातळीवर बहुतेक विद्यापीठे ३.० म्हणजे बी ची सरासरी मागतात. आपल्या मुलांचा पहिला गोंधळ इथे होतो. आपल्याकडे पास म्हणजे पास. सी मिळाला तरी विषय सुटला, असेच मुलाला वाटते. तिथे प्रत्येक विषयात पास झालेले मूलही प्रोबेशनवर जाऊ शकते.

भाचीचे तसेच झाले. तीन विषय, प्रत्येकी तीन क्रेडिट. दोन बी, एक सी. एकही विषय राहिला नाही, पण सरासरी आली २.६७. तिची पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची आणि तिथे ती शिकत होती डेटा सायन्स. वर्षाअखेर एकच मोठी परीक्षा देण्याची सवय, आणि तिथे दुसऱ्या आठवड्यापासून गृहपाठाला गुण. ती सावरेपर्यंत अर्धे सत्र संपले होते.

मी कागद-पेन घेऊन बसलो. अधिक-उणे ग्रेड बाजूला ठेवले तर हिशेब सोपा आहे. ९ क्रेडिटवर २.६७ असेल, तर पुढच्या ९ क्रेडिटवर ३.३३ मिळवले की एकूण ३.० होते. म्हणजे एक ए आणि दोन बी. अवघड आहे, अशक्य नाही. हेच प्रोबेशन २७ क्रेडिटनंतर आणि २.८ वर आले असते, तर पुढच्या ९ क्रेडिटवर ३.६ लागले असते. जितका उशीर तितकी चढण उभी. पहिल्याच सत्रात आलेले पत्र जिव्हारी लागते, पण हिशेबाने तेच सर्वांत स्वस्त असते.

या खिडकीवरचा क्रम असा: सरासरी घसरली की प्रोबेशन, मुदतीत सुधारली तर प्रोबेशन उठते, नाही सुधारली तर विद्यापीठातून काढणे. म्हणजे इथे प्रोबेशन ही पहिली पायरी आहे. ती घसरणीच्या सुरुवातीला येते.

दुसरी खिडकी: पैशांची

तिच्या मैत्रिणीचे पत्र आर्थिक साहाय्य कार्यालयाचे होते. तिची सरासरी ३.५ होती. पदव्युत्तर विभागाची तिच्याविषयी काहीच तक्रार नव्हती. तिची अडचण वेगळी होती.

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्ड असलेले कायम रहिवासी यांना शिक्षणासाठी केंद्र सरकारचे कर्ज मिळते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतचे थेट कर्ज ही त्यातली मुख्य सोय. त्याशिवाय ग्रॅड प्लस नावाचे जास्तीचे कर्ज होते, ते १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद करण्याचे २०२५ च्या कायद्याने ठरवले. हा पैसा करदात्यांचा. तेव्हा विद्यार्थी खरोखर शिकतो आहे की नुसते नाव घालून बसला आहे, हे सरकारला बघायचे असते.

या व्यवस्थेचा पाया १९६५ चा उच्च शिक्षण कायदा. ‘समाधानकारक प्रगती’ची अट त्यात १९७६ च्या दुरुस्तीने आली. पुढे डिसेंबर १९८१ मध्ये जनरल अकाउंटिंग ऑफिस या तिथल्या सरकारी तपासणी संस्थेने अहवाल दिला की मदत घेणारे कित्येक विद्यार्थी पुरेशी प्रगती करत नाहीत, निकष कडक हवेत. आज जो नियम चालतो तो केंद्रीय नियमसंहितेच्या ३४ व्या विभागातला ६६८.३४ क्रमांकाचा. त्याचे सध्याचे रूप १ जुलै २०११ पासून लागू आहे.

हा नियम तीन गोष्टी मोजतो. पहिली सरासरी. दुसरी गती, म्हणजे जितक्या क्रेडिटना नाव घातले त्यातली किती पूर्ण केली. तिसरी कमाल मुदत. पदवी अभ्यासक्रमासाठी ही मुदत नियमातच ठरलेली आहे: ठरल्या लांबीच्या दीडपट. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८० क्रेडिटच्या आत ती संपली पाहिजे. १२० भागिले १८० म्हणजे सुमारे ६७ टक्के, आणि गतीचा आकडा येतो तो इथून. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची कमाल मुदत मात्र त्याची लांबी पाहून विद्यापीठाने ठरवायची असते. अनेक विद्यापीठे गतीचा तोच ६७ चा आकडा तिथेही लावतात, काही वेगळा ठेवतात. म्हणून दुसऱ्या विद्यापीठातल्या मित्राचा सल्ला इथे कामाला येतोच असे नाही.

मैत्रीण अडकली ती गतीत. ती आदल्या जानेवारीत दाखल झाली होती. मार्चमध्ये वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तिने तीनपैकी दोन विषय सोडले आणि घर गाठले. गुणपत्रकावर त्या दोन विषयांपुढे डब्ल्यू लागला, म्हणजे ‘विषय सोडला’. या डब्ल्यूने सरासरी बिघडत नाही, म्हणून मुलांना तो निरुपद्रवी वाटतो. गतीच्या हिशेबात मात्र तो पुरता धरला जातो: नाव घातले ९ क्रेडिटला, पूर्ण केली ३. पुढच्या सत्रात पुन्हा एक विषय सोडावा लागला: ९ पैकी ६. एकूण १८ पैकी ९, म्हणजे ५० टक्के.

आता या खिडकीवरचा क्रम पाहा. जी विद्यापीठे दर सत्राअखेर प्रगती तपासतात, ती पहिल्या वेळी ‘इशारा’ देऊ शकतात. त्याला अर्ज लागत नाही, आणि एका सत्रापुरते पैसे चालू राहतात. तिला उन्हाळ्यात तो मिळाला होता. त्या मुदतीतही प्रगती पुरी झाली नाही की मदत थांबते. मग विद्यार्थ्याने अपील करायचे. अपील मंजूर झाले, तर मदत पुन्हा सुरू होते, आणि त्या स्थितीचे नाव आहे आर्थिक साहाय्य प्रोबेशन.

म्हणजे पहिल्या खिडकीवर प्रोबेशन घसरणीच्या सुरुवातीला येते आणि दुसऱ्या खिडकीवर ते अपील जिंकल्यावर येते. तिथे शब्द सांगतो, ‘सांभाळ.’ इथे तोच शब्द सांगतो, ‘तुझे ऐकले.’ भाचीला आला तो धोक्याचा लाल दिवा, मैत्रिणीला आला तो बंद पडलेला नळ पुन्हा सुरू झाल्याचा निरोप. कोडे सुटले ते इथे.

विनंती अर्ज नव्हे

अपीलाविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, केंद्रीय नियम विद्यापीठाला अपील ठेवायची मुभा देतो, सक्ती करत नाही. अपील आहे का, कितीदा करता येते, शेवटची तारीख कोणती, हे त्या विद्यापीठाच्या लेखी धोरणात बघावे लागते.

दुसरी गोष्ट मजकुराची. माझे अर्धे आयुष्य लोकांचे विनंती अर्ज टाइप करण्यात गेले. ‘तरी मेहेरबान साहेबांनी कृपा करून’ हे माझी बोटे झोपेतही लिहितील. तिथले अपील या घराण्यातले नाही. नियम त्यासाठी कारणे सांगतो: नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याची दुखापत किंवा आजारपण, अथवा इतर विशेष परिस्थिती. आणि विद्यार्थ्याकडून दोन प्रश्नांची उत्तरे मागतो. निकष का पुरा झाला नाही? आणि आता असे काय बदलले आहे की पुढच्या तपासणीत तो पुरा होईल?

मैत्रिणीचा पहिला मसुदा तीन पानी होता. सगळा वडिलांच्या आजारपणाचा. सल्लागाराने तो परत केला, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात एका ओळीतही नव्हते. दुसरा मसुदा एक पानी झाला. रुग्णालयाचे पत्र जोडले. वडील पुन्हा कामावर जाऊ लागले आहेत आणि मावशी त्यांच्या घराजवळ राहायला आली आहे, हे लिहिले. हा मंजूर झाला. कार्यालयाला तिची कीव यायला नको होती. पुढच्या सत्रात ती वर्गात असेल, याचा पुरावा त्याला हवा होता.

मंजुरीसोबत एक शैक्षणिक आराखडा आला, तो का, हे पाहण्यासारखे आहे. प्रोबेशन मुळात एका सत्राचे. पण १८ पैकी ९ वरून तिने पुढच्या ९ पैकी ९ पूर्ण केली, तरी होतात २७ पैकी १८, म्हणजे ६६.६७ टक्के. तिच्या विद्यापीठात ६७ म्हणजे पूर्ण ६७. सगळे विषय सोडवूनही ती केसभर मागेच राहिली असती. अशा वेळी नियम दोन किंवा अधिक सत्रांचा आराखडा करू देतो, आणि त्याप्रमाणे चालत असेपर्यंत मदत चालू राहते. दोन सत्रांनी ३६ पैकी २७, म्हणजे ७५ टक्के. म्हणून अपील करतानाच हा भागाकार करून बघावा. एका सत्रात पोचणे गणितानेच अशक्य असेल, तर आराखडा तेव्हाच मागावा.

पैशाची मुदत आणि शिक्षणाची मुदत ही दोन वेगळी घड्याळे आहेत, हे मराठी वाचकाला नवीन नाही. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. लंडनचे दार मात्र बंद झाले नव्हते. पुढे येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली होती. १९२० मध्ये ते परत गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. एका खिडकीने थांबवले, दुसरीने वाट पाहिली.

तिसरे घड्याळ: व्हिसाचे

भाचीला अमेरिकी सरकारी कर्ज मिळतच नाही. ती एफ-१ व्हिसावर आहे. त्यामुळे दुसऱ्या खिडकीचा नियम तिला लागू नाही. पण तिच्या मागे तिसरे घड्याळ होते, आणि त्याची टिकटिक तिला फेब्रुवारीत ऐकू आली.

अल्गोरिदमच्या विषयात पहिल्या चाचणीला तिला फार कमी गुण पडले. रात्री फोन आला, “मामा, हा विषय सोडून देते. डब्ल्यू लागेल, पण सरासरी वाचेल.” मैत्रिणीची गोष्ट ताजी होती, म्हणून मी म्हटले, “थांब. आज काही दाबू नकोस. मला दोन दिवस दे.”

दुकान बंद झाल्यावर मी व्हिसाचे नियम वाचले. एफ-१ विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकले पाहिजे. तिच्या विद्यापीठात पदव्युत्तरसाठी पूर्णवेळ म्हणजे ९ क्रेडिट. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या नियुक्त अधिकाऱ्याची आधी परवानगी न घेता ती ६ वर आली असती, तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात आला असता. प्रोबेशनने दर्जा जात नाही. असल्या एका घाईच्या बटणाने जाऊ शकतो.

पण त्याच नियमात एक वाट होती. अभ्यासाचा भार कमी करण्याची परवानगी अधिकारी देऊ शकतो, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत इंग्रजीची सुरुवातीची अडचण आहे, चुकीच्या पातळीच्या विषयात बसवले जाणे आहे, आणि अमेरिकी शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणे हेही आहे. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. आमची पोर ज्या गोष्टीची लाज वाटून घरी बोलत नव्हती, ती गोष्ट तिथल्या नियम करणाऱ्यांनी आधीच ओळखून, कारण म्हणून छापून ठेवली होती. ही सवलत एका पदवीच्या पातळीवर एकदाच मिळते, निदान अर्धा भार ठेवावा लागतो आणि पुढच्या सत्रात पूर्णवेळ व्हावे लागते.

दुसरी तरतूद कडक आहे. अभ्यासक्रम वेळेत संपला नाही तर मुदतवाढ मागता येते: विषय किंवा संशोधन बदलले, आजारपण आले, अशा कारणांसाठी. पण शैक्षणिक प्रोबेशनमुळे किंवा निलंबनामुळे झालेला उशीर हे मुदतवाढीचे कारण धरले जाणार नाही, असे नियमात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे विषय सोडावा तर पुढचा हिशेबही जमला पाहिजे.

मग आम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर तो मांडला. तिची एम.एस. ३० क्रेडिटची. ९, मग ६, मग ९, मग ६: चार सत्रांत बरोबर संपते, मुदतवाढ लागत नाही. सरासरीचे काय? आता ९ ऐवजी ६ क्रेडिटवरच तिला सावरायचे होते, म्हणून ३.३३ ऐवजी ३.५ हवे. म्हणजे एक ए आणि एक बी. विषय एक कमी, पण चुकायला जागाही कमी. निर्णय तिने घेतला. अधिकाऱ्याला भेटली. त्या विषयाला लागणारी पूर्वतयारी आपल्या पदवीत नव्हती हे दाखवले, प्राध्यापकांचे पत्र नेले. परवानगी हातात आल्यावरच विषय सोडला.

घरी न येणारे पत्र

हे सगळे चालू असताना माझ्या बहिणीला काही माहीत नव्हते. माहीत होण्याची सोयही नाही. अमेरिकेत १९७४ पासून शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात गेले की नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. आपल्याकडून गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना विद्यापीठ गुणपत्रक पाठवत नाही.

कायदा योग्य आहे. पण साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला आपल्या सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. आमच्या पोरीसाठी राहते घर तारण आहे. सहकर्जदार म्हणून सही बापाची आणि पत्र एकट्या मुलीच्या नावाने. त्या दोहोंच्या मध्ये मूल एकटे उभे असते. प्रोबेशनमुळे तिला मिळणारे पेपर तपासण्याचे काम लांबले, कारण विद्यापीठाने त्याला ३.० ची अट घातली होती. तिने भोजनगृहात काम धरले. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आवारातले काम व्हिसा करू देतो. ताटे उचलायचे काम करून ती अभ्यास करत होती आणि घरी ‘सगळं छान’ सांगत होती.

परवानगीचे काम झाल्यावर मी तिला एकच अट घातली. “आता आईला सांग. मी शेजारी बसतो.” तिने सांगितले. बहीण बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, हिला काढून टाकणार का?”

“नाही. तिला मुदत दिली आहे.”

“मग पत्रात तसं का नाही लिहीत?”

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख लिहायला घेतला तो त्या प्रश्नामुळे.

पत्र आले तर

ज्यांची मुले तिकडे आहेत किंवा जाणार आहेत, त्यांनी हे पाच प्रश्न कुठेतरी लिहून ठेवावेत.

१. पत्र कुणाचे आहे: पदव्युत्तर विभागाचे, आर्थिक साहाय्य कार्यालयाचे, की शिष्यवृत्ती देणाऱ्याचे? शब्दाचा अर्थ खिडकीवर ठरतो.

२. नेमके काय कमी पडले: सरासरी, गती, की मुदत? सरासरीवरचा उपाय गतीला मारक ठरू शकतो.

३. पैसे आत्ता चालू आहेत की थांबले? थांबले असतील तर अपील आहे का, आणि तारीख कोणती?

४. दिलेल्या मुदतीत तो आकडा गाठणे गणिताने शक्य आहे का? नसेल तर आराखडा मागता येतो का?

५. विषय सोडण्याआधी, बदलण्याआधी बाकीच्या खिडक्यांवर विचारले का? व्हिसावर असलेल्या मुलाने आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय गाठावे.

यातल्या एकाही प्रश्नाला हुशारी लागत नाही. लागते ती पत्र कुणाला तरी दाखवण्याची तयारी.

आता माझी गोष्ट. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले. निकालावर चार इंग्रजी अक्षरे होती, ए टी के टी. ‘अलाउड टु कीप टर्म्स’, म्हणजे पुढच्या वर्गात बसायची परवानगी आहे, राहिलेले विषय सोबत सोडवा. हा त्याचा अर्थ. आमच्या घरी कुणी एवढे शिकलेले नव्हते. वडिलांनी कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, “नापास ना?” मी मान खाली घातली. मलाही तसेच वाटत होते. पुढच्या सोमवारपासून मी एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. माझ्याबरोबर केटी लागलेली मुले पुढच्या वर्गात बसली, दोन वर्षांनी पदवीधर झाली. कुणी माझे वाईट केले नाही. परवानगीचा कागद आम्ही नकाराचा म्हणून वाचला, इतकेच.

मे महिन्यात भाचीचे निकाल लागले. एक ए, एक बी. एकूण सरासरी बरोबर ३.००, वर एक शतांशही नाही. मैत्रिणीने नऊच्या नऊ क्रेडिट पूर्ण केली. आराखड्याचे दुसरे सत्र सध्या चालू आहे. भाचीचे पेपर तपासण्याचे काम अजून परत मिळालेले नाही, ती भोजनगृहातच आहे. जूनमध्ये तिला पदव्युत्तर विभागाचे तीन ओळींचे पत्र आले: प्रोबेशन उठवण्यात आले आहे. तिने ते मला पाठवले. मी दुकानात त्याच्या दोन प्रती काढल्या. एक बहिणीला दिली. तिने ती कर्जाच्या फाइलमध्ये, घराच्या कागदांच्या वर लावून ठेवली आहे.